वयनीचं ‘येजो’

आमच्या आनंदावयनीले वर्ध्यात कोण ओळखत नाई? बावीस वर्सं नाटकात रडली बाई, अन् तिच्यासंगं आर्वी, पुलगाव, हिंगणघाट सारं रडलं. मी लीला, तिची सख्खी नणंद. नणंद असून भावजयीचं कवतिक करून राह्यली म्हणून कोणाच्या पोटात दुखत असंल तं दुखो.

एक्क्याऐंशी साली पुण्याच्या एका कंपनीनं तिले हासवनाऱ्या पिक्चरमध्ये घेतलं. काम केवढं, तं पाच मिनिटाचं! भरदुपारी घरात चोर शिरते, अन् घरची काकू त्याले नवऱ्याचा भाचा समजून जेवाले वाढते.

बाकीचे नट उगाच घसरून पडत होते, डोये फिरवत होते. वयनीनं तसं काईच केलं नाई. ताट पदरानं पुसून वाढलं. चोराचं ध्यान पाण्याच्या पितळी गुंडावर, अन् हिचं ध्यान त्याच्या सरलेल्या भाकरीवर. चोर थो गुंड काखेत मारून निंगाला, तं ही दारापर्यंत आली अन् म्हणाली, "पोटभर जेवला नाई रे तू. पुन्हा येजो."

कागदावर लिहिलं होतं, "पुन्हा ये हं". वयनीच्या तोंडून निंगालं येजो. डायरेक्टर हासून लोळला, अन् त्यानं तेच ठेवलं.

पुण्याच्या पहिल्या खेळाले वयनी गेलती. तिथं सारे लोक "येजो, येजो" करून खिदळले. पेपरवाल्यानं नायकाच्या गळून पडलेल्या मिशीवर सहा ओळी लिहिल्या, अन् वयनीले काय म्हणलं? "एक गावंढळ बाई." नाव नाई! हात झडो मेल्याचा!

वयनी घरी आली अन् मले म्हणाली, "लीला, माह्या कामाले हासले असते तं मले बरंच वाटलं असतं. थे माह्या बोलण्याले हासले. वर्ध्यातबी तसंच झालं, तं मी पुन्हा तोंडाले रंग लावनार नाई. दिवाळीच्या नाटकातलं काम दुसऱ्या कोणाले द्या म्हणावं."

पिक्चर वर्ध्याले आला. पहिल्याच दिवशी, तीनच्या खेळाले, मी तिले ओढतच नेलं. बायकांच्या बाजूले बसलो. वयनीचा पदर नाकापर्यंत.

टाकीज गच्च भरलती. लोक मिशीले हासले, घसरण्याले हासले. वयनीनं ताट पुसलं तं ठसका लागेस्तोवर हासले. ते तिच्या कामाचं हासू होतं, पण तिले कुठं कळते! तिनं माहा हात असा आवळला का बांगडी रुतली.

मंग थे वाक्य आलं. "पोटभर जेवला नाई रे तू. पुन्हा येजो."

कोणी हासलं नाई. हासाचं काय त्यात? आमच्याकडे पोरगं घरातून निंगालं का बाई हेच म्हणते. अन् आमच्या मांगं बसलेली एक म्हातारी, चोराच्या वतीनं, हळूच बोलली, "येईन वो माय."

वयनीनं पदर खाली केला. माह्या तं छातीत आनंद मावेना. मी उठून खुर्चीवरच चढली अन् ओरडली, "ही आमची वयनी हाय! आनंदाबाई नाव हाय तिचं, आनंदाबाई!" गेटवाल्यानं बॅटरी मारली. मारू दे! त्या उजेडात साऱ्याइनं वयनीले पाह्यलं.

वयनीनं लुगडं धरून मले खाली ओढलं. "बस वो लीला, मांगच्या माउलीले दिसत नाई." अन् मी बसल्यावर, माह्या कानाजवळ येऊन, "दिवाळीच्या नाटकाची तालीम कवापासून हाय?"