पोथीतला पंपाचा भाव

बोरीच्या बाजारतळावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंडपाच्या मागच्या पडद्यावर शेअरबाजाराचा भावाचे चढउतार दाखवणाऱ्या लाल-हिरव्या मेणबत्तीसारख्या पट्ट्यांचा तक्ता बैलगाडीएवढा मोठा करून लावला होता आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. तक्त्याखाली गादीवर तेजीनाथ महाराज बसले होते. त्यांच्या मांडीवर लाल कापडात बांधलेली पोथी होती.

"बाळांनो, ही हिरवी मेणबत्ती म्हणजे प्रसाद आन ही लाल म्हणजे कोप. रोज सकाळी सव्वानवाला ह्या पेटत्यात, साडेतीनला विझत्यात. कोण पेटवतं? कुणी बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. त्यामुळं महाराजांचा मुद्दा सिद्ध झाला.

पोथी महाराजांच्या गुरूंनी एकोणीसशे सत्त्याऐंशी साली येलदरी धरणाच्या काठावर समाधीत बसून लिहिली होती, असं सांगण्यात आलं. तीत पुढच्या काळातले मयूरध्वज पंप या कंपनीच्या शेअरचे रोजचे भाव होते. गुरूंना सगळ्या विश्वातून नेमकी पाण्याच्या मोटारीचीच कंपनी का दिसली, हे कुणी विचारलं नाही. जिंतूर तालुक्यात मोटारीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

"कुणी शिकलेला मानूस हाय का? त्यानं वर यावं, जुनी तारीख सांगावी आन मोबाइलवर ताडून बघावं!"

शिकलेला माणूस होता. सिद्धोधन सर, कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवणारे. बुवाबाजीवर तालुक्यात त्यांची आठ व्याख्यानं झाली होती आणि नवव्याची सोय आज होईल अशा उमेदीनं ते आले होते. ते ताठ मानेनं वर चढले.

"चौदा ऑगस्ट दोन हजार चौदा," सर म्हणाले.

महाराजांनी पानं चाळली. "एकशे ब्याऐंशी रुपये पस्तीस पैसे."

सरांनी मोबाइलवर शेअरभावांची वेबसाइट उघडून कंपनीचे जुने भाव काढले. १८२.३५. त्यांनी आणखी तीन तारखा सांगितल्या. तिन्ही पैशापैशानं जुळल्या. माइक तोंडापुढं आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जुळतंय."

एवढंच. "पण मला अजून तपासावं लागेल" हे वाक्य त्यांच्या डोक्यात अगदी तयार होतं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बसस्थानकासमोर फलक लागला. त्यावर सरांचा फोटो महाराजांच्या फोटोपेक्षा किंचित मोठा होता आणि खाली लिहिलं होतं, "प्राध्यापकांनी स्वतः तपासले!" येत्या रविवारी पोथीतली भविष्याची पानं उघडणार होती. पानाच्या नोंदणीला पाचशे रुपये, आणि पुढं जी रक्कम महाराजांच्या हाती द्याल ती पोथीबरहुकूम दुप्पट. नव्या रस्त्यात जमिनी गेलेल्यांच्या हातात मोबदले नुकतेच पडले होते. महाराजांना गावाचा पत्ता समाधीत मिळाला नसावा.

महाविद्यालयाला लागूनच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दगडाबाईंनी सरांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, दोन एकराचा चेक आलाय. प्रियांकाच्या नर्सिंगसाठी ठेवला हुता. रविवारी महाराजाला द्यायलेय."

"मावशी, थोडं थांबा की."

"थांबू कशाला? मी आधी न्हाईच म्हणले हुते. पण तुमी तपासलं म्हणल्यावर मग काय!"

बाई आनंदानं निघून गेल्या. सर व्हरांड्यातच उभे राहिले. त्या दिवशी डब्यातली भाकरी तशीच घरी गेली. सुकेशनीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डबा उघडून विचारलं, "तब्येत बरी न्हाई का?" सर म्हणाले, "तब्येत बरी आहे. मीच बरा नाही."

शुक्रवारी दारात भांडण येऊन उभं राहिलं. पुढं निवृत्त पोस्टमास्तर दत्तराव, मागं त्यांची बायको लक्ष्मीबाई, तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद.

"सर, तुमच्या त्या पोथीनं माझा संसार मोडायलाय," दत्तराव म्हणाले.

"माझी पोथी नाही ती."

"फोटो तर तुमचाच हाय!"

हकिकत अशी होती. दत्तरावांनी आयुष्यात एकच शेअर घेतला होता, मयूरध्वज पंपाचा, आणि तोही घरात न विचारता. त्यावरून एवढं महाभारत झालं की वर्षभरातच त्यांनी तो विकून टाकला. पण खरेदीची पावती लक्ष्मीबाईंनी जपून ठेवली होती, नवऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. दर दिवाळीला ती पेटीतून बाहेर निघायची, वाचली जायची आणि परत पेटीत जायची.

"वाचा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "चौदा ऑगस्ट दोन हजार चौदा. तुमी मंडपात इचारली नेमकी तीच तारीख. एका शेअरचे अठराशे साडेतेवीस रुपये. आन पोथीत किती? एकशे ब्याऐंशी! मंग बाकीचे सोळाशे एकेचाळीस रुपये ह्यांनी कुठं घातले?"

"अगं, देवाशपथ तेवढेच दिले मी!"

"देव खोटं बोलंल का? सरांनी तपासलंय!"

अकरा वर्षांपूर्वीच्या सोळाशे रुपयांसाठी दत्तराव तीन दिवस ओसरीवर झोपत होते.

सरांनी कागद हातात घेतला. दलालाचा शिक्का होता, तारीख होती, भाव होता, १८२३.५०. मोबाइलवर १८२.३५. बरोबर दहावा हिस्सा. सर कागदाकडं बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की लक्ष्मीबाई दचकून मागं सरकल्या.

वेबसाइटच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, "सर्व जुने भाव शेअर विभाजनानुसार सुधारित." विभाजन! बारावीच्या वर्गात सर दरवर्षी हे लिहून देत आले होते. "मुलांनो, दोन मार्कांना येतंच," असंही सांगत आले होते. पोरं दोन मार्क मिळवून गेली आणि सर मंडपात नापास झाले. त्यांनी बाजाराच्या जुन्या नोंदींतून त्या दिवसाचं अधिकृत भावपत्रक शोधून काढलं. तिथंही १८२३.५०.

"काकू, रविवारपर्यंत दोघं भांडू नका," सर म्हणाले. "आणि हा कागद घेऊन मंडपात या. काका निर्दोष आहेत."

"बघा!" दत्तराव म्हणाले.

"ते मी ठरविन," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

रविवारी मंडप दुप्पट झाला होता. रांगेत सगळ्यांत पुढं दगडाबाई, नवं लुगडं नेसून, चेक पदराच्या गाठीत. सर वर चढले तेव्हा टाळ्या पडल्या. प्रत्येक टाळी त्यांना गालावर बसल्यासारखी वाटली.

"महाराज, एक शंका आहे. गुरूंना त्या दिवशी बाजारात बोलला गेलेला भावच दिसला ना?"

"पैशापैशानं, बाळा. तूच ताडलास!"

"मग ही त्याच दिवसाची पावती." सरांनी ती माइकवर वाचली, तारखेसकट. मंडपात कुजबुज सुरू झाली.

"लोकहो, दोन हजार अठरा साली ह्या कंपनीनं प्रत्येक शेअरचे दहा शेअर केले. दहाची नोट मोडून एकेकाची दहा नाणी घ्यावीत तसं. एका शेअरचा भाव दहावा हिस्सा झाला. नवा-जुना भाव शेजारी ठेवून बघता यावा म्हणून वेबसाइटवाले मागचे सगळे भावही दहानं भागून दाखवतात. म्हणजे चौदा सालच्या त्या दिवशी एकशे ब्याऐंशी हा भाव जगात कुठंच नव्हता. तो अठरा सालानंतर फक्त वेबसाइटवर आला. पोथी समाधीत नाही, वेबसाइट बघून लिहिलीय. आणि मी ती त्याच वेबसाइटवर ताडली. चोरानं ज्या वहीतून उतरवून घेतलं, त्याच वहीतून मी त्याची खात्री केली."

महाराज डगमगले नाहीत. "गुरुदेवांची दृष्टी लय लांबची! त्यांना विभाजनसुदिक आधीच दिसलं. भागाकार करूनच लिहिलं त्यांनी!"

लोकांनी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात दगडाबाई पुढं झाल्या. त्यांनी गाठ सोडली, चेक महाराजांपुढच्या दानाच्या ताटात ठेवला आणि वर पंजा दाबून धरला.

"एवढी लांबची दृष्टी हाय तर उद्या सोमवारचा भाव दाखवा. पान बघते, मंग हात काढते."

"माई, आधी दान, मग दर्शन."

"मी तांदूळबी आधी बघून घेते," दगडाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पोथीच ओढली. कापड सुटलं. त्यांनी पानं उलटली, आणखी उलटली, आणि वही माणसांकडं फिरवली. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेनंतर सगळी पानं कोरी होती. गुरूंची समाधी बरोबर त्या दिवशी उतरली होती.

महाराजांनी ध्यानासाठी डोळे मिटले. शिष्यांनी मात्र उघडे ठेवले आणि गाडीकडं धावले. ती गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागली तेव्हा महाराज मंडपातच होते. थोड्या वेळानं त्यांना पोलिसांनी नेलं.

सरांनी माइक सोडला नव्हता. "झाल्या दिवसाचे भाव कुणालाही मिळतात. ते बघावेत, त्यावरून कंपनी कशी चालली याचा अंदाज बांधावा. पण उद्याचा भाव कुठल्याही पोथीत नसतो. मागचं अचूक सांगणारा पुढचंही सांगेल, एवढ्याच भरवशावर आपण फसतो. आणि जुळतंय म्हटलं की कशाशी जुळतंय, ते विचारा. मी विचारलं नाही. माझ्या एका शब्दावर सदतीस जणांनी नोंदणीचे पैसे भरले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार देतोय, त्यात पहिला जबाब माझाच असेल. माझ्याकडूनही ऐकलेलं तपासून घ्या."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. लोक पांगले. लक्ष्मीबाई पावती घेऊन खाली उतरल्या आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "चला घरी." दत्तराव जवळजवळ पळतच निघाले.

सोमवारी दुपारी खिचडीची पातेली घासून झाल्यावर दगडाबाई वर्गाच्या दारात आल्या.

"सर, चेक बँकेत टाकला. आता ते जुने भाव कसे बघायचे ते मला दाखवा. तुमच्या बोलण्यावर न्हाई राहायचं मला."

सर लाजले. त्यांनी खुर्ची दिली, मोबाइल पुढं केला, तळाची बारीक ओळ आधी वाचून दाखवली. बाईंनी बोट लावत लावत वर्षं मागं नेली, पुढं आणली. शेवटी बोट आजच्या तारखेवर येऊन थांबलं.

"आन ह्याच्या पुढचं?"

"पुढचं माहीत नाही, मावशी."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

दगडाबाईंनी मोबाइल परत दिला. "मंग पहिल्या दिवशी माइक हातात हुता तवा एवढंच का न्हाई बोलले तुमी?"

सरांनी उत्तर शोधलं. टाळ्या होत्या, गर्दी होती, भाव पैशापैशानं जुळले होते. सगळी कारणं खरी होती. त्यांतलं एकही ते दगडाबाईंना सांगू शकले नाहीत.