मधे बोलायचं नाही

बाबा गेले त्याला महिनाही झाला नव्हता आणि नगरपालिकेतून फोन आला की अनुदान समितीपुढची तारीख बदलता येणार नाही. फोनवरचा कारकून सभ्य होता. आधी त्याने दुःख व्यक्त केलं, मग सांगितलं की यंदा संस्था फार आहेत, प्रत्येकीला पाच मिनिटं मिळतील, आणि कोणी आलं नाही तर अर्ज आपोआप बाद होईल.

बाबांची संस्था म्हणजे एक खोली होती. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. पक्षाघाताने बोलणं गेलेली माणसं तिथे सकाळी येत. त्यांना पुन्हा बोलतं करणं हे बाबांचं आयुष्यभराचं काम. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते या खोलीत चालू ठेवलं. खोलीचं भाडं, मदतनीस मुलीचा पगार आणि माणसांना घरून आणणारी गाडी, सगळं नगरपालिकेच्या अनुदानावर चालायचं. ते थांबलं की खोली बंद.

खोलीत नियम एकच होता. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. कोणी अडलं तर थांबायचं. शब्द तुम्हाला ठाऊक असला, ती वस्तू समोर टेबलावर पडलेली असली, तरी थांबायचं. नव्या नातेवाइकांना हे सोसत नसे. ते खुर्चीत चुळबुळ करू लागले की बाबा त्यांना हाताला धरून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवत. आत एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत. जन्मभर मुलांना शुद्ध बोलायला शिकवलं आणि झटक्यानंतर त्यांच्याकडे धड उरला तो एकच शब्द, ‘मेल्या’. पाणी हवं असलं तरी मेल्या, खिडकी लावायची असली तरी मेल्या. पण त्या एका शब्दाला त्यांनी इतके सूर दिले होते की त्यावर त्या भांडायच्यासुद्धा, आणि भांडण जिंकायच्या.

दुसरे लिलाववाले काका, आई त्यांना भाऊ म्हणायची. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. एका दमात आख्खा ट्रक विकणारा माणूस. आता साधं एक वाक्य बोलायचं तर त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

दरवर्षी समितीपुढे बाबाच बोलत. छान बोलत, आणि अनुदान मिळून जाई. यंदा त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. ‘त्यांच्या वतीने मीच बोलायचं, तर वर्षभर आपण खोलीत करतो काय?’ असं ते जेवताना म्हणाले आणि लिलाववाल्यांनी बोलायचं ठरवून टाकलं. वाक्य काकांनी स्वतः निवडलं होतं: घरी सगळे माझ्यासाठी बोलतात, इथे मी बोलतो. दिवस चांगला असला तर ते त्यांना जमायचंही. मग एका सकाळी बाबा दाढी करता करता कोसळले आणि उठले नाहीत.

मला तो सगळा बेत वेडेपणाचा वाटत होता. मी पाच मिनिटांचं भाषण लिहून काढलं आणि आईला दाखवलं. ती माझ्या बाजूने असेल याची मला खात्री होती, कारण त्या नियमाची आईइतकी टर कोणीच उडवली नव्हती. खोलीत एका शब्दासाठी ताटकळत बसणारे बाबा घरी तिचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नसत. ती ‘आज बाजारात’ म्हणाली की हे ‘महागाई, ठाऊक आहे’ म्हणून पेपरात डोकं घालायचे. एकदा पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, “मलाही एक झटका यायला हवा होता. ह्यांनी निदान ऐकून तरी घेतलं असतं.” पाहुणे हसले, बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. आई आत निघून गेली.

तिने माझं भाषण शेवटपर्यंत वाचलं. चांगलं झालंय म्हणाली. मग कागदाची घडी घालून मला परत दिली.

“पण बोलायचं भाऊंनी.”

“आई, खोली जाईल.”

ती ताटं घ्यायला उठली. माझी भीती तिला कळत नव्हती असं मात्र नाही.

सभागृहात गालिचा होता आणि पंख्याचा आवाज नव्हता. समितीचे पाच जण उंचावर बसले होते, खाली टेबलावर एक अधिकारी घंटी घेऊन. आमच्या आधीच्या संस्थेने पडद्यावर हसऱ्या मुलांचे फोटो दाखवले. समितीतले एकजण त्यांना म्हणाले, हे बघा, याला म्हणतात काम.

मग लिलाववाले काका उठले. इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात, तो हलत नसे म्हणून. माइकपुढे उभे राहिल्यावर त्यांनी मान अशी वर केली की बाजारात ते कसे दिसत असतील ते मला एकदम कळलं.

“घरी,” ते म्हणाले. “घरी... सगळे...”

आणि थांबले.

आम्ही थांबलो. बाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या, पण नजर काकांच्या ओठांवर. ती शांतता आमच्या ओळखीची होती. खोलीत ती कधी जड वाटली नव्हती. इथे ती टेबलांवरून, माइकवरून पसरत गेली आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. समितीत एक डॉक्टर होते. त्यांच्याने राहवेना.

“घरी सगळे काळजी घेतात, असं म्हणायचंय ना आजोबा?”

काकांनी मान हलवली, नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “घरी...”

“त्रास देतात का घरचे?” दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी विचारलं. तेही कळवळ्यानेच.

त्या प्रश्नांतल्या शब्दागणिक काकांचं वाक्य आत कुठेतरी घसरत होतं. मला ते दिसत होतं. माझं भाषण मांडीवर होतं. मी उठायला लागले तेव्हा आईने माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात तिने मला लहानपणीसुद्धा कधी धरलं नव्हतं.

“बस खाली.”

मी तिच्या कानाशी सांगितलं की हे आपल्या हातचं चाललंय.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “पण मधे बोलू नकोस.”

घंटी वाजली. अध्यक्षबाईंनी हात जोडून सांगितलं की भावना पोहोचल्या, धन्यवाद. आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आजवर इतकं वाईट मी काही ऐकलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात फोनवरचा तो कारकून मागे आला. खरंच भला होता. पुढच्या वर्षी व्हिडिओ करून आणा म्हणाला, मधले थांबे कापून टाकले की दोन मिनिटांत बसेल सगळं. मी त्याचे आभार मानले. आमचं सगळं काम त्या थांब्यांतच होतं, हे त्याला सांगण्याएवढं बळ माझ्यात नव्हतं.

काका बाकावर बसले होते. आईसाठी त्यांनी सरकून जागा केली.

“चुकलं,” ते म्हणाले. स्वच्छ, एका दमात.

“तुमचं नाही चुकलं, भाऊ.”

मग कोणाचं, ते तिने सांगितलं नाही. मला बाबांचा राग आला होता. मरायच्या आधी त्यांनी आपला नियम अशा जागी नेऊन ठेवला होता की तो मोडला तरी आम्ही हरणार होतो आणि पाळला तरी हरणार होतो. बाई काकांच्या शर्टाची कॉलर नीट करत “मेल्या” म्हणाल्या, इतक्या हळू, की काकांनी डोळे मिटून घेतले.

अनुदान नाकारल्याचं पत्र आलं. सादरीकरण अपुरं, असं कारण होतं. खोलीत आता वाचनालयाची जुनी मासिकं ठेवतात. मदतनीस मुलीला दुसरीकडे काम मिळालं. बाईंना त्यांच्या भाच्याने दुसऱ्या गावी नेलं.

मी काकांच्या घरी जाऊन आले. सून माझ्याशी अगत्याने वागली. काका दिवाणावर बसले होते, अंगावर धुतलेले कपडे, नखं कापलेली. कोणी हेळसांड करत होतं असं म्हणायला जागा नव्हती. मी विचारलं, काका, कसे आहात? त्यांनी तोंड उघडलं.

“बरे आहेत,” सून म्हणाली. “जेवण चांगलं जातं. झोप तेवढी कमी झालीय. हो ना, मामंजी?”

ती सांगत होती ते सगळं खरं होतं. मी काकांकडे बघत राहिले, बराच वेळ. सुनेला ते अवघड वाटलं असावं. ती चहाचं विचारून आत गेली. आम्ही दोघंच होतो. मी वाट बघितली.

काकांनी तोंड मिटलं आणि आतल्या दाराकडे बोट केलं. तिला विचार, असं.