सीलखालचा धागा

विक्रीस. डोंगरातलं रेल्वे स्टेशन. कंपनीनं बनवणं बंद केलेला सेट. बॉक्सला एकही पोचा नाही, चारी कोपरे टोकदार. उन्हात ठेवलेला नाही. सील कंपनीचं,

इथं संस्कृतीचा अंगठा फोनवर थांबला.

प्लास्टिकच्या ब्लॉकचे हे परदेशी सेट ती आणि आयेशा भागीत घेत होत्या. ऑनलाइन सेल लागला की घ्यायचे, कंपनीनं तो सेट बंद केला की भाव चढायची वाट बघायची, मग शौकीन माणसाला विकायचे. नियम एकच होता, बॉक्स उघडायचा नाही. सील तुटलं की ते खेळणं होतं. खेळण्याला तेवढे पैसे कोण देतो?

हैदराबादच्या राजशेखर नावाच्या गिऱ्हाइकानं सगळ्या सीलचे जवळून फोटो मागितले होते. म्हणून संस्कृतीनं तो बॉक्स घरी आणला, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उजेडाला धरला आणि फोटो काढले. बॉक्सच्या डाव्या कडेचा फोटो मोठा करून बघितला तेव्हा पारदर्शक सीलखाली एक धागा दिसला. निळा, नखाएवढा. तिनं बॉक्सवर बोटानं पुसून बघितला. पुसला गेला नाही. तो सीलच्या वर नव्हता, खाली होता.

निळा धागा कुठला ते कुणाला विचारायची गरज नव्हती. बॉक्स राहायचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आयेशाच्या वडिलांच्या, खाजाभाईंच्या टॉवेलच्या कारखान्यात. खाली माग, वर पत्र्याची खोली. खोलीची किल्ली आयेशाकडे.

परदेशात चिकटवलेल्या सीलखाली सोलापूरच्या टॉवेलचा धागा.

*

उन्हानं:
मे महिना. वरचा पत्रा तापला. सीलचा डिंक सुटला, कड उचलली. खालच्या मागांवरून उडालेलं सूत वर आलं, एक धागा कडेखाली गेला. संध्याकाळी खोली निवली. कड परत बसली.

आयेशानं:
मे महिना. वर आयेशा एकटी. सीलचा डिंक सुटला, कड उचलली. सेटमधली चार छोटी माणसं बाहेर आली, कारण तीच सगळ्यात महाग, सुटी विकली तरी निम्मा भाव येतो. खालच्या मागांवरून उडालेलं सूत वर आलं, एक धागा कडेखाली गेला. कड परत बसली.

दोन्हीकडे धागा तोच. खरं कुठलं, ते बॉक्स उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि उघडला तर विकायला काही उरणार नाही.

*

संस्कृती गाड्यांच्या विम्याच्या ऑफिसात दावे तपासायची. दिवसभर लोकांच्या मोटरसायकलींचे फोटो बघायचे आणि सांगायचं, हा पोचा जुना आहे, हा ओरखडा अपघाताचा नाही. ऑफिसात तिला मान होता. घरी सासूबाई म्हणायच्या, हिच्यासमोर ताट सुद्धा जपून ठेवावं लागतं.

आता तिला हेअर ड्रायर आठवला.

वरच्या खोलीत फळीवर एक हेअर ड्रायर होता. इथं पार्लर काढलंस की काय, असं तिनं कधीतरी आयेशाला चिडवलं होतं. आयेशानं सांगितलं होतं की किमतीचे स्टिकर गरम हवेनं अलगद निघतात, पुठ्ठा फाटत नाही. ते खरंही होतं, दोघींनी मिळून कितीतरी स्टिकर तसेच काढले होते. पण जे स्टिकर सोडवतं ते सीलही सोडवतं. आणि आयेशानं नवा फोन घेतला होता. आणि या वेळी जवळून फोटो पाठवायला तीच नको म्हणाली होती. असल्या संशयी माणसाला माल देऊच नये, नखरे फार करतो, असं तिचं म्हणणं.

संशयी, हा शब्द आयेशानं वापरला होता. का वापरला?

*

विक्रीस. डोंगरातलं रेल्वे स्टेशन. बॉक्सला एकही पोचा नाही. सील कंपनीचं, माझ्या माहितीप्रमाणे

खोडलं. माझ्या माहितीप्रमाणे असं कोण लिहितं ते तिला ऑफिसात रोज दिसत होतं.

*

आयेशाला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर वरची खोली फार तापते का, असं विचारलं. आयेशा म्हणाली, नोव्हेंबर चालू आहे. मग संस्कृतीनं विचारलं की वर अजून कोण कोण जातं. गठ्ठे ठेवायला किल्ली मागून कामगार जातात, खिडकीतनं एक मांजर जातं, आयेशानं सांगितलं. का गं, असं आयेशानं विचारल्यावर संस्कृतीनं सहज म्हणून सांगितलं. सहज या शब्दावर फोन संपला.

शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसानं सुटलं. बॉक्स चादरीत गुंडाळून ती एमआयडीसीत गेली. आयेशा यायच्या आधी पोचेल अशी वेळ तिनं साधली होती. मागांच्या खडखडाटात बोलता येत नाही, म्हणून खाजाभाईंनी तिला बाहेर लिंबाखाली खुर्ची दिली, चहा सांगितला, सासरच्यांची चौकशी केली. तिनं अजून काही विचारलंही नव्हतं तेवढ्यात ते म्हणाले, उन्हाळ्यात वर माल ठेवू नका बेटी, आमच्या पॅकिंगच्या पिशव्यासुद्धा एकमेकींना चिकटतात.

संस्कृतीला हायसं वाटलं. मग वाटलं, न विचारता का सांगितलं? काल रात्री बापलेकीचं बोलणं झालं असेल का? चहा गोड होता. तिनं अर्धा ठेवला.

स्कूटर लावून आयेशा आली. एवढ्या लवकर कशी, असं तिनं विचारलं नाही. दोघी लोखंडी जिन्यानं वर गेल्या. खाली माग चालू असल्यामुळं पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. फळीवर बॉक्स ओळीनं उभे होते, प्रत्येकावर आयेशानं घातलेली प्लास्टिकची पिशवी.

संस्कृतीनं फोटो दाखवला. आयेशानं बराच वेळ बघितला.

"टॉवेलचा आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून तू मला उन्हाचं विचारलंस."

"सहज विचारलं गं."

"विचार की आता. सरळ विचार."

"मी तुझ्यावर काय म्हणत नाहीये, आयेशा."

"मग कुणावर? मांजरावर?"

संस्कृतीला हसू आलं आणि लगेच गेलं. आयेशा हसत नव्हती. तिनं स्वतःहून सांगावं, मी नाही उघडला, एवढं एक वाक्य म्हणावं, याची संस्कृती वाट बघत होती. आणि म्हणालीच असती, तर उघडणारं माणूसही हेच म्हणालं असतं, असा विचार तिच्या मनात तयारच होता. आयेशा तिच्याकडं बघत होती. कॉलेजात पेपर सोडवताना दोघी शेजारी बसायच्या, तेव्हापासूनचा हा चेहरा. तो वाचता येतो असं संस्कृतीला वाटायचं.

आयेशानं गठ्ठे बांधायची कात्री घेतली.

"वेडी झालीस का? राजशेखरला काय सांगू?"

"माझ्या वाट्यातनं काप," म्हणत आयेशानं सील कापलं.

एका कडेचं. मग दुसऱ्या. पुठ्ठा उघडला तेव्हा नव्या प्लास्टिकचा वास आला, आणि इतक्या दिवसांत हा वास आपण पहिल्यांदाच घेतोय हे संस्कृतीच्या लक्षात आलं. आत आकडे छापलेल्या पिशव्या होत्या, सगळ्या बंद. जोडणीचं पुस्तक होतं. छोटी पिशवी आयेशानं वेगळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. स्टेशन मास्तर, हमाल, छत्रीवाली बाई, टोपीवाला म्हातारा. चौघं आत होते.

विक्रीस. उघडलेला सेट. सर्व माणसं जागेवर.

आता काहीतरी म्हणायला हवं होतं. चुकलं, एवढं पुरलं असतं. चल चहा घेऊ, एवढंही पुरलं असतं. आयेशा उभी होती, कात्री हातात तशीच.

संस्कृतीनं पिशवी खिडकीच्या उजेडाला धरली. माणसं नीट दिसावीत म्हणून धरली, असं तिला वाटलं. पण ती माणसांकडं बघत नव्हती. पिशवीची चिकटवलेली शिवण बघत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठं दोनदा चिकटवलीय का.

हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा शिवण बघून झाली होती. शिवण सरळ होती.

पिशवी खाली ठेवताना तिची नजर फळीवर गेली. बाकीच्या बॉक्सवर. क्षणभरच, पण आयेशा नेमकी तिच्या डोळ्यांकडंच बघत होती.

"अर्धे तुझे, अर्धे माझे," आयेशा म्हणाली. "तू निवड. आजच ने. अब्बा टेम्पो सांगतील."

"असं नक्को गं." कॉलेजात ती आयेशाची भाषा अशी उचलायची, मग दोघी हसायच्या.

"असंच करू. मला पुढच्या धाग्याला उत्तर द्यायचं नाहीये."

खाली एक माग थांबला, बाकीचे चालू राहिले. आयेशा एकेका बॉक्सवरची प्लास्टिकची पिशवी काढायला लागली, घडी घालून बाजूला ठेवायला लागली. तिनं बॉक्स कुठल्या क्रमानं लावले होते, मोठे मागं, छोटे पुढं, ते संस्कृती बघत राहिली. यातले जवळचे अर्धे उचलायचे, न बघता, आणि जिना उतरायचा. तेवढं केलं तर सोमवारी फोन करता येईल. पुढच्या आठवड्यात नाही तर त्याच्या पुढच्या, आयेशा फोन उचलेल. उचलेलच.

तिनं पहिला बॉक्स उचलला आणि दाराशी ठेवला. न बघता.

दुसरा उचलला. तोही ठेवला.

तिसरा किल्ल्याच्या सेटचा होता, मोठा, दोन्ही हातांत धरावा लागणारा. छातीशी घेतल्यावर त्याची कड तिच्या हनुवटीखाली आली, सील अगदी डोळ्यांसमोर. खिडकीतला उजेड कमी झाला होता. तिनं बॉक्स जरासा तिरका केला. मग अजून जरासा.

"टॉर्च देऊ?" आयेशानं विचारलं. आवाजात काही नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात, तसं विचारलं.

संस्कृतीनं बॉक्स खाली ठेवला आणि हात पुढं केला.