फुंकरबाबांची पांढरी पुडी

फुंकरबाबा आले आणि गोदामामागच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. काल लोकांना दगड मारणारा वेडा माणूस आज त्यांच्या पुडीने कोकरासारखा गप्प! बाबांची अट एकच. "डॉक्टरी गोळ्या आधी माझ्या पायाशी टाका. विष आणि अमृत एका पोटात नांदत नाहीत!" मग पांढऱ्या पुडीवर एक फुंकर, आणि "चला, पुढचा!"

मी आरोग्य केंद्रातली नर्स. माझा आधीच संताप होत होता, त्यात माझी आईच माझ्या धाकट्या बहिणीला तिथे घेऊन गेली. बाळंतपणानंतर धाकटी बोलेनाशी, जेवेनाशी झाली होती.

"अगं आई, मानसोपचाराच्या डॉक्टरबाई येतात ना आपल्याकडे!"

"कधी? महिन्यातून एकदा, अर्धा दिवस. गेल्या खेपेला नंबरच लागला नाही. बाबा रोज बसतात गं."



पुडीच्या चौथ्या दिवशी धाकटीची मान एका बाजूला वळून ताठली, लाळ गळू लागली. बाबा म्हणाले, "अंगातलं भूत जाताना पिळतंच!" नशिबाने तो डॉक्टरबाईंचा दिवस होता. त्यांनी इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ झाली.

"ज्यांना भास होतात, त्यांच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. हिला कुणी दिल्या?"

आईने पुढे केलेली उरलेली पुडी त्यांनी पाण्यात टाकली. साखर विरघळली, तळाशी गुलाबी कण राहिले. ते गोळ्यांचं आवरण होतं. आम्ही तडक गल्लीत गेलो. बाबांच्या गादीमागे मिक्सर, शेजारी आमच्याच केंद्राच्या शिक्क्याची रिकामी पाकिटं. पायाशी पडलेल्या सगळ्यांच्या गोळ्या एकत्र दळून हा भामटा सगळ्यांना वाटत होता!

"बाबा, तीन पुड्या तुम्हीच घेऊन दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. बाबांना एकदम मौनव्रत आठवलं.

मला वाटलं, आता गर्दी खवळेल. छे! एक काका म्हणाले, "म्हणजे औषध खरंच आहे ना? मग इथेच घेऊ. इथे नंबर तरी लागतो."

पोलिसांत तक्रार केली. आठवड्यात बाबा सुटून पुन्हा गादीवर. डॉक्टरबाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. धाकटी आता कुणाचीच गोळी घेत नाही, बाळाकडे बघतही नाही.

तरी सांगते. मन आजारी पडतं आणि त्यावर औषध असतं, पण ते ज्याचं त्याला, तपासून, मोजून द्यावं लागतं. फुंकरीने काही होत नाही. चालू गोळ्या कुणाच्या पायाशी टाकू नका, आणि आपल्या केंद्राला रोजचा डॉक्टर मागा. मी अर्ज लिहून ठेवलाय. त्यावर दोनच सह्या आहेत. एक माझी, दुसरी आईची.