पिशवीने धरलेली जागा

मी बोलतोय, नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडकीसमोर असतो ना, तो लाकडी बाक. बसा, बिनधास्त बसा. आता मी डुगडुगत नाही.

पूर्वी डुगडुगायचो. सुताराने घडवतानाच माझा एक पाय आखूड राहिला. "चालतंय, सरकारी तर आहे!" म्हणून त्याने हात झटकले. तरी मी त्याचे उपकार मानतो, कारण त्याने मला ऐसपैस केलं. थकलेल्या आईला लेकरू आडवं करता येतं.

जन्माचा दाखला न्यायला आलेले बाप माझ्यावर बसून पेंगतात. मृत्यूचा न्यायला आलेले मुलगे नुसतेच बसतात. दोघांचाही भार मी मायेने पेलतो.

आमच्याकडे एक रीत आहे. रांग लांबली की माणसं माझ्यावर पिशवी किंवा छत्री ठेवून खुशाल चहाला जातात. पिशवी बसली म्हणजे माणूस बसला. रस्त्यावर एकमेकांना कोपरं मारणारी हीच माणसं इथे परक्याच्या छत्रीचा मान राखतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

मग योजना आली. सगळे दाखले फोनवर आणि यंत्रावर द्यायचे, खिडकी हळूहळू बंद करायची. दुपारी किती लोक येतात ते पाहायला नियोजन विभागाच्या मॅडमनी आपला सहायक पाठवला. तो जेवणाच्या सुट्टीत काचेच्या दारातून डोकावून जायचा. तेव्हा माणसं बाहेर आणि पिशव्या आत! त्याने कळवलं, 'दुपारी कोणी नसतं, लोक सामान विसरून जातात.' उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

ठरलं. उद्यापासून दुपारची खिडकी बंद आणि बाक भंगारात. माझी तर पाचावर धारण बसली.

पण खरं घोडं अडलं होतं एका गवंड्याचं. लेकीच्या शाळाप्रवेशासाठी तिचा जन्मदाखला हवा होता आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. त्याला कामावरून सुट्टी मिळायची ती दुपारीच. दारापाशी बसवलेलं नवं यंत्र ओळख पटवायला अंगठा मागायचं, आणि विटा-सिमेंटने त्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. त्याला खिडकीशिवाय वाट नव्हती. थापीची पिशवी माझ्यावर ठेवून तो झेरॉक्स काढायला गेला.

तेवढ्यात मॅडम शिपायाला घेऊन आल्या. "हे विसरलेलं सामान उचला. बाकही आजच हलवू." शिपायाने पिशव्यांचा कोपऱ्यात ढीग घातला.

आणि माणसं परतली.

"अहो, माझी जागा!"

"माझी छत्री कुणी हलवली?"

एका आजींनी तर मॅडमनाच दटावलं, "बाळ, मध्ये घुसू नये. तू कुणाच्या मागे आहेस?"

मॅडम गडबडल्या. "म्हणजे या पिशव्या..."

"त्या आम्हीच आहोत, मॅडम," गवंडी म्हणाला. "मी आजींच्या मागे होतो."

मॅडम मटकन माझ्यावर बसल्या. मी डुगडुगलो, त्यांनी घाबरून माझी कड धरली. मग "यंत्रावर लगेच मिळेल" म्हणत त्यांनी गवंड्याला तिकडे पाठवलं. त्याने अंगठा पुसून लावला, धुऊन लावला. यंत्र ढिम्म. त्याने ओशाळून हात खिशात घातला. "शाळेत आजच द्यायचाय हो दाखला."

"हात लपवू नका, दादा," मॅडम म्हणाल्या. "चुकलंय आमचं. आम्ही न विचारताच ठरवलं."

खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ होता. आजींनी त्याला पुढे ढकललं. "जा रे, माझ्या जागी तू उभा राहा." दाखला हातात पडला तेव्हा गवंड्याइतकाच माझाही जीव भांड्यात पडला.

योजना आली, पण बदलून आली. ज्यांना जमतं त्यांना घरबसल्या दाखला मिळतो, त्यांचा हेलपाटा वाचतो. मला त्याचा आनंदच आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दुपारची खिडकी उघडी आहे. आराखडा पुन्हा आखताना मॅडम माझ्यावरच बसून लोकांना विचारत होत्या. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

पुढे एकदा गवंडी मुद्दाम आला, शाळेच्या गणवेशातल्या लेकीला घेऊन. फरशीचा तुकडा घासून त्याने माझ्या आखूड पायाखाली बसवला. लेक माझ्यावर उड्या मारून म्हणाली, "बाबा, हलत नाही!"

आता नंबर फोनवर येतो, तरी सवयीने माणसं पिशवी ठेवतातच. तुम्हीही ठेवा आणि निवांत चहा घेऊन या. तुमची जागा मी धरून ठेवतो.