बुडख्यातली कडी

"पत्रा सुटला तर तुझं थोबाड फोडीन!" मशीनच्या आवाजावर दाजी ओरडले. मी दोन्ही हातांनी पत्रा आणखी आवळून धरला.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांचा मशीननं भुगा करायचा, हा त्यांचा धंदा. दातेरी चाक लाकडात शिरलं की ढलप्या, खडे, माती गोफणीतून सुटल्यासारखं उडतं. म्हणून दाजी आधी मुळांतले खडे हातानं वेचायचे, भोवती पत्रे उभे करायचे, वर ओलं गोणपाट ताणायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या कामात कुणाला खरचटलं नव्हतं.

आजचा बुडखा गिरणीवाल्याच्या दारातला.

"मालक, लाकडात खिळा, तार, काही ठोकलेलं?" सुरू करण्याआधी दाजींनी विचारलं.

"छे हो. बापाच्या हातचं झाड, खिळा कोण ठोकतोय? उरका लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय."

गल्लीपलीकडं म्हशीवाल्या काकू धार काढून उठत होत्या. दाजी त्यांच्याकडं गेले. "काकू, तासभर म्हैस मागं बांधा."

"नुकती व्यालीय रे. जागा बदलली की पान्हा चोरते. काढ तू तुझं काम."

दाजी घरी परत गेले, आणखी एक पत्रा आणला आणि म्हशीपुढं आडवा लावला. यापेक्षा माणसानं काय करायचं?

निम्मा बुडखा गेला असेल. एकदम चाक किंचाळलं. वरचं गोणपाट टरकन फाटलं, काहीतरी दोन्ही पत्र्यांवरून गेलं, आणि म्हैस अशी हंबरली की माझ्या हातातला पत्रा गळून पडला.

दाजींनी मशीन बंद केलं. म्हशीच्या डाव्या डोळ्यातून रक्त वाहत होतं. पायाशी लोखंडाचा बोटभर तुकडा पडला होता.

गिरणीवाल्यानं तो उचलून उलटसुलट केला. त्याचा चेहरा उतरला. "ही तर कडी... बापाचं घोडं इथंच बांधायचे. धरून लोंबकळायचो मी. झाडानं कधी गिळली, कळलंच नाही बघा."

गुरांचा डॉक्टर आला. डोळा धुतला, औषध घातलं आणि मान हलवली. "हा डोळा गेला."

काकू शिव्या देतील म्हणून आम्ही खाली माना घालून उभे. त्यांनी म्हशीचं तोंड पोटाशी धरलेलं.

"काकू, माझ्याच हातून..." दाजी पुढं झाले.

"तुझ्या कुठनं? तू तर पत्रा लावलास. मीच नको म्हटलं." त्यांनी नाक पुसलं. "निम्मं ठेवून जाऊ नकोस. कुणीतरी ठेचकाळेल."

त्यांनी म्हैस मागच्या दारी नेली. दाजी नवं गोणपाट ताणून उरलेलं लाकूड बोटांनी चाचपत राहिले. कितीदा चाचपलं, देव जाणे. लाकडाच्या पोटातलं बोटाला थोडंच कळतं! शेवटी मशीन सुरू केलं आणि काम पुरं केलं.

निघताना आम्ही मागच्या दारी डोकावलो. रेडकू डाव्या अंगानं कासेकडं यायचं, म्हैस दचकून लाथ झाडायची. काकू त्याला उचलून उजव्या बाजूला सोडायच्या. ते बिचारं फिरून पुन्हा डावीकडंच यायचं. दाजी बघत उभे राहिले. मी दोनदा हाक मारली, पण त्यांचा पाय काही निघेना.