डाव्या हाताचं गिऱ्हाईक

“हे नको,” लायल टेट म्हणाला आणि त्यानं बाईच्या हातातलं चिमुकलं पिस्तूल हलकेच काढून घेतलं. “दिसायला गोंडस आहे, पण एकदा चालवलंत की पुन्हा हात लावावासा वाटणार नाही. पिस्तूल जितकं हलकं तितका झटका जास्त. कपाटात ठेवून विसरायचं असेल तर घ्या.”

“विसरायचं नाहीये,” बाई म्हणाली.

अमेरिकेत, दक्षिण मिझुरीतल्या केलर फोर्ड गावात खिळे, रंग, मासेमारीच्या काठ्या आणि बंदुका एकाच छपराखाली मिळतात. त्यातल्या बंदुकांच्या काउंटरमागं लायल सव्वीस वर्षं उभा होता. हात बघून तो माणसाला पिस्तूल काढून द्यायचा आणि ते सहसा परत येत नसे. याचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो कुणापासून लपवतही नसे. दुकानाची मालकीण ग्लेंडा म्हणायची, लायलला पगार देते तो विकण्याचा, बोलणं तो फुकट करतो.

बाईनं पुढचं पिस्तूल डाव्या हातात धरलं, आणि वरचा भाग मागं ओढायला उजवा हात लावला. तो भाग अर्धा सरकला आणि अडकला. तिचे ओठ पांढरे पडले.

“मनगट मोडलं होतं का?”

“पडले होते.”

लायलनं मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. विचारायची त्याला सवयच नव्हती, सांगायची होती. त्यानं खालच्या खणातून थोडं मोठं, पण अंगानं चपटं पिस्तूल काढलं. त्याचा वरचा भाग लोण्यासारखा सरकला. बाईनं तो दोनदा, तीनदा ओढून बघितला आणि पहिल्यांदाच मान वर करून लायलकडं पाहिलं. नाव नोरीन सिस्क. वय चाळीसच्या आसपास. अंगात म्हाताऱ्यांच्या केअर होममधल्या सेविकांचा निळा सैल झगा आणि नाडीची विजार.

“आता हे अंगावर ठेवणार कुठं?” लायल म्हणाला. “तुमच्या या विजारीला पट्टा नाही. पट्टा नाही तर होल्स्टर, पिस्तुलाचं म्यान, अडकवणार कशात? पर्समध्ये ठेवते म्हणाल, तर आत्ताच सांगतो, नाही. पर्स आपण कुठंही टाकतो आणि कुणीही उचलतं. पिस्तूल अंगावर, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही.”

“मग?”

त्यानं पोटाला बांधायचा रुंद, ताणला जाणारा पट्टा काढून दाखवला. त्यात कडक प्लास्टिकचं कवच होतं. “हे कवच महत्त्वाचं. चाप पूर्ण झाकलेला पाहिजे. नुसत्या कापडात पेनचं टोपण गेलं तरी घात होतो. तुम्हाला हे डाव्या बाजूचं लागेल, ते मागवावं लागतं. वर्षात एखादंच जातं.”

“कामावर नेता येत नाही.”

“तर गाडीच्या सीटखाली पोलादी डबा. मी बसवून देतो.” मग त्यानं आवाज जरा खाली आणला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि सांगताना त्याला स्वतःचं फार बरं वाटायचं. “आणि एक लक्षात ठेवा. कुणाला कळू द्यायचं नाही. ज्याला कळलं त्याच्यापुढं ते पिस्तूल नाही, नुसतं ओझं आहे.”

“मला लपवता येतं, मिस्टर लायल,” नोरीन म्हणाली.

पट्टा आठ दिवसांनी आला. लायलनं तिला तो बांधायला शिकवला, झगा कसा वर घ्यायचा ते शिकवलं, रिकाम्या पिस्तुलावर घरी शंभर वेळा करा म्हणून सांगितलं. दर गुरुवारी चारला ती गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर येऊ लागली. दुसऱ्या गुरुवारी तिच्या पाचही गोळ्या कागदाच्या मधोमध लागल्या आणि ती हसली. त्या दिवशी तिनं त्याला घरचा मक्याचा ब्रेड दिला. लायलची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो ब्रेड त्यानं चार दिवस पुरवून खाल्ला.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी दीडला एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री. आल्याबरोबर त्यानं टोपी काढली. लायलला टोपी काढणारी माणसं आवडत.

“बंदूक नकोय मला,” तो म्हणाला. “नुसता सल्ला हवाय. तुम्हाला वेळ आहे ना?”

“वेळच वेळ आहे.”

“आमच्या घरचं माणूस डावखुरं झालंय. उजव्या हातात जोर राहिला नाही. पेशंट उचलायचं काम करते. वाकावं लागतं, कपडे सैल. तिनं अंगावर ठेवायचं तर कसं? मी तीन गावांतल्या दुकानांत विचारलं. कुणाला काही धड सांगता येत नाही.”

तीन गावांत सांगता आलं नाही, हे ऐकून लायलची छाती फुगली.

“त्यांना नाहीच येणार. मी आत्ताच, तीन आठवड्यांपूर्वी, हेच जमवून दिलंय एकीला. अगदी हेच. ती केअर होममध्ये काम करते.” त्यानं काउंटरवर उजव्या बाजूचा पट्टा ठेवला. “हा असा. तिचा डाव्या बरगडीखाली येतो. झगा उजव्या हातानं वर, डावा आत. आधी चाचपडायची. आता बघा तिला.”

“कामावर पण अंगावरच?”

“छे. तिथं बंदी आहे. गाडीत सीटखाली डबा बसवून दिलाय मी.”

“सगळा विचार केलाय तुम्ही,” माणूस कौतुकानं म्हणाला. “पण सराव लागत असेल.”

“सराव नाही तर काही नाही. ती एक गुरुवार चुकवत नाही. चार म्हणजे चार. आज पण येईल. तुमच्या मंडळींना घेऊन या, भेट घालून देतो. एकीचं बघून दुसरी शिकते.”

“आणीन की.” माणसानं पट्टा नीट घडी करून परत ठेवला. कानात घालायचे बोळे घेतले, आभार मानले, टोपी डोक्यावर ठेवली. दारापाशी तो वळला.

“तिच्या मनगटात तीन स्क्रू आहेत,” तो म्हणाला. “थंडीत फार दुखतात तिला. मोडलं तेव्हा मी तिथंच होतो.”

दार मिटलं. काचेतून लायलला दिसलं, तो सावकाश पांढऱ्या गाडीत बसला आणि गाडी सावकाश गेली. घाई नव्हतीच त्याला. लायल काउंटरला धरून उभा राहिला. आपण काय काय सांगितलं ते तो एकेक करून आठवू लागला. बाजू. बरगडी. डबा. वार. वेळ. नाव तेवढं सांगितलं नव्हतं, आणि ते त्या माणसाला नकोच होतं. केलर फोर्डमध्ये केअर होम एकच आहे.

त्यानं नोरीनला फोन केला. वाजत राहिला. कामाच्या वेळी सेविकांचे फोन कपाटात असतात. मग शेरीफच्या कचेरीत लावला. तिथल्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यानं धमकी दिली का?”

“नाही.”

“नाव?”

“माहीत नाही.”

“मग त्यानं केलं काय, लायल?”

“विचारलं,” लायल म्हणाला. “आणि मी सांगितलं.”

गाडी पाठवते, पण ती काउंटीच्या दुसऱ्या टोकाला आहे, असं ती म्हणाली. ग्लेंडानं मागून हाक मारली, कुठं निघालास म्हणून. लायल उत्तर न देता बाहेर पडला. सव्वीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदा पाहिलं.

केअर होमच्या आवारात पांढरी गाडी नव्हती. लायलनं आत शिरताच दारातल्या पोरीला सांगितलं, “दार आतून लाव. टोपीवाला माणूस आला तर उघडायचं नाही. शेरीफला फोन करून ठेव.” तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि उठून कुलूप लावलं.

नोरीन मागच्या हॉलमध्ये, मागल्या दाराजवळ, मिसेस ओडमना टोमॅटोचं सूप भरवत होती. मिसेस ओडम नव्वदीच्या. त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना तिसरीत शिकवलं होतं, लायललासुद्धा. लायल आत आला आणि नोरीनचा चमचा वाटीवर थांबला.

“एक माणूस आला होता दुकानात,” तो म्हणाला.

तिनं कोण ते विचारलं नाही. “टोपी काढली त्यानं?”

“हो.”

“कुठली बाजू विचारली?”

“मीच सांगितली. त्यानं विचारायच्या आधी.” आता अर्धवट सांगून चालणार नव्हतं. “बाजू, डबा, गुरुवार, चार वाजताची वेळ. सगळं सांगितलं, नोरीन. मला वाटलं, तो बायकोची काळजी घेतोय.”

“तसंच वाटतं सगळ्यांना.” ती रागावली नव्हती. रागावली असती तर लायलला सोसलं असतं. “मागच्या गावात असाच माझा पत्ता काढत दंतवैद्याकडं गेला होता. बायकोची दाढ दुखते म्हणाला. त्या आधी चर्चमध्ये. कोर्टानं जवळ यायला मनाई केलीय, बंदूक विकत घ्यायला मनाई केलीय. बोलायला कोण मनाई करणार? चांगली माणसं बघतो, मिस्टर लायल. वाईट माणसं त्याला काही सांगत नाहीत.”

लायलला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. “शेरीफची गाडी येतेय. मी थांबतो इथं. चला, मी तुमच्याबरोबर—”

“अकरा महिने,” ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. “इथल्या घराला पडदे शिवले होते मी.”

मग तिनं एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. लायलनं खिशातून आपल्या पिकअपची किल्ली काढून पुढं केली. “तुमची गाडी त्याला माहीत असेल. माझी घेऊन जा. टाकी भरलेली आहे.”

तिनं किल्ली घेतली.

“डबा तुमच्या गाडीत आहे, तो उघडून पिस्तूल घ्या आधी. आणि पट्टा आता डावीकडं बांधू नका. पुढं, नाभीच्या जरा—”

“मिस्टर लायल,” ती म्हणाली. “आता काही सांगू नका.”

ती मिसेस ओडमपुढं वाकली, त्यांच्या हनुवटीवरचा सुपाचा थेंब पुसला आणि हातातला चमचा लायलकडं दिला. “फार गरम देऊ नका. फुंकर घाला. अर्ध्यावर सोडलं तर त्या रात्रीपर्यंत काही खात नाहीत.”

“कुठं जा—” लायलच्या तोंडून निघालं.

नोरीननं त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात द्वेष नव्हता. एखादं दार नीट लागलंय ना, हे बघावं तसं तिनं पाहिलं, आणि मागल्या दारानं निघून गेली. थोड्या वेळानं त्याच्या पिकअपचा ओळखीचा आवाज आला. फाटकापाशी थांबला, आणि मग कमी होत गेला. उजवीकडं की डावीकडं, ते ओळखायचा प्रयत्न त्यानं केला नाही. मुद्दाम केला नाही. सुपावर जोरजोरात फुंकर घालत राहिला.

“नोरीन कुठं गेली?” मिसेस ओडमनी विचारलं.

“माहीत नाही, मॅडम.”

त्यांनी दोन घास घेतले. त्यांना ती पोरगी आवडायची, हे साऱ्या केअर होमला ठाऊक होतं. एरवी दुसऱ्या कुणाच्या हातून त्या खात नसत.

“येणार आहे का परत?”

“नाही,” लायल म्हणाला. “मला नाही वाटत.”

म्हातारीनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसावं की नाही हे लायलला कळेना. आपण काय मोडलंय ते त्याला तिच्या तोंडाकडं बघून नीट समजलं. इथं एका बाईचं सगळं जमलं होतं, आणि ते त्यानं दहा मिनिटांत, कौतुकाच्या दोन शब्दांवर देऊन टाकलं होतं.

पुढच्या दाराची घंटा वाजली. एकदाच, बेतानं. काचेपलीकडून तोच अदबशीर आवाज आला, शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. दारातली पोरगी काहीतरी म्हणाली. आवाज पुन्हा आला, तितकाच शांत. मग काचेवर बोटांनी हलकं टकटक झालं.

लायलच्या उजव्या कमरेला त्याचं स्वतःचं पिस्तूल होतं. घाईत ते गाडीत ठेवायचं राहून गेलं होतं आणि ते इथं आणायला बंदी होती. हात तिकडं गेला नाही. त्यानं खुर्ची थोडी सरकवली, मिसेस ओडम आणि पुढचं दार यांच्या मधोमध घेतली, आणि दाराकडं पाठ करून बसला.

“कुणीतरी आलंय,” मिसेस ओडम म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

टकटक चालूच होती. लायलनं चमचा भरला, फुंकर घातली, आणि तो न सांडता त्यांच्या ओठांपर्यंत नेला.